विहिरीतला माणूस वर चढंना

मच्छिंद्र : मशीनवरच नारळ फोडला? ज्ञानोबाअप्पा, आत वायरी असतात हो!

ज्ञानोबा : काल खंडेनवमी व्हती. गड्याची कुऱ्हाड पुजायची, न्हाव्याचा वस्तरा पुजायचा, आन् माझ्या लॉजवर गिऱ्हाईक आणणारं व्हिडिओ गेमचं मशीन तसंच ठेवायचं? सोलापूरला दुरुस्तीच्या दुकानात पुजत न्हाईत व्हय तुमी?

मच्छिंद्र : पुजतो की. नारळ उंबऱ्यावर फोडतो.

अयोध्या : मामा, मागची फळी काढलीया म्या. नारळाच्या पाण्यानं खेळायच्या दांड्याखालची पत्ती चिकटलीया बघा. पडद्यावरचा विहिरीतला माणूस डावी-उजवीकडं जातोय, वर तेवढा चढंना.

मच्छिंद्र : आगं पोरी, तुला कुणी शिकवलं हे?

अयोध्या : मशीनसंगं इंग्रजी पुस्तक आलं व्हतं. डिक्शनरी घेऊन वाचलं. खेळ काढणाऱ्याचीबी माहिती हाय त्यात. ताकेनो म्हणून जपानी माणूस. आधी स्टेशनावरचे वजनकाटे दुरुस्त करायचा.

ज्ञानोबा : झालं! तुळजापूर सोडून जपानला निघाली.

अयोध्या : ऐका तर, अप्पा. त्याचा पयला खेळ पुरात अडकलेल्या नावाड्याचा. कुणी खेळंना. कंपनीनं त्याला परत काट्यांवर धाडलं. तरी गड्यानं दुसरा काढला, खाणीतल्या दिवेवाल्याचा. तो लई चालला. तिसरी ही विहीर. कुठलाबी खेळ घ्या, माणूस कोंडलेला असतोय.

मच्छिंद्र : चौथा आलाय सोलापुरात. दोघांनी खेळायचा. आतल्याला दार उघडत न्हाई, बाहेरच्यानं उघडावं लागतंय. गर्दी हटंना त्याच्यापुढनं.

अयोध्या : ऐकलं का, अप्पा? बाहेरच्यानं.

ज्ञानोबा : आलं ध्यानात. सोलापूरचा टीव्ही दुरुस्तीचा वर्ग! सकाळपासनं तेच दळण. आगं, औंदा पाऊस न्हाई, नळ चार दिसाआड. तू गेल्यावर लॉजचं पाणी कोण भरणार?

अयोध्या : आई गेल्यापासनं सहा वरसं म्याच भरतीया. अप्पा, जीव गुदमरतोय माझा हितं. मावशी ठेवून घेती म्हणलीया. नाव घालायचा उद्या शेवटचा दिस हाय.

ज्ञानोबा : बरं, एक कर. दसऱ्याची गर्दी दारात हाय. मशीन चालू करून दाव, मग बोलू. मच्छिंद्रराव, तुमी हात लावायचा न्हाई.

अयोध्या : नक्की ना?

ज्ञानोबा : आई भवानीची आण.

(अयोध्या मशीनमागं मांडी घालून बसते. पत्ती सोडवते, स्पिरिटनं पुसते, पदरानं वारा घालते. एकही स्क्रू खाली पडू देत नाही. अर्ध्या तासानं ती बटण दाबते.)

मच्छिंद्र : चढला! चढला की वर! अप्पा, माझ्या दुकानातल्या दोघांना जमलं नसतं हे. डोळं झाकून धाडा पोरीला.

ज्ञानोबा : शाब्बास गं माझी वाघीण!

अयोध्या : मग उद्या सकाळच्या एस्टीनं जाऊ?

ज्ञानोबा : आता कशाला? शिकायचं ते आलंच की तुला.

अयोध्या : अप्पा! आण घेतली व्हती तुमी.

ज्ञानोबा : बोलू म्हणलो व्हतो, बोलतोय न्हवं? आगं, आनखी दोन मशीनं आणतो. सगळी तुझ्या हवाली.

मच्छिंद्र : अप्पा, असं नका करू.

ज्ञानोबा : तुमी गप बसा हो. पोरी, रडू नको. तुला बघून गेलेल्या परांड्याच्या पाव्हण्यांनाबी न्हाई म्हणून कळवतो.

अयोध्या : खरंच?

ज्ञानोबा : व्हय तर. स्थळ आता गावातलंच बघू, हाकेच्या अंतरावरचं. मशीन बंद पडलं की लगीच यायला पायजेस तू.