शिशाला पाय फुटले

"काढलं नाही म्हणजे? मोजता येतं मला! माझ्या कमरेच्या पट्ट्यात शिशाचे आठ तुकडे होते, आता सहा आहेत, मग उरलेले दोन काय कॉफी प्यायला गेले? शिशाला पाय फुटतात का, वीगदिस?"

भर धक्क्यावर, अख्ख्या क्लबासमोर विचारलं मी, आणि तुम्हाला सांगते, ती हसली. हसली! माझ्या मैत्रिणीची पोर, हिचं शेंबडं नाक मी पुसलंय, आणि आज ही पाणबुड्यांच्या क्लबाची अध्यक्ष, बोटीत कोण बसणार ते ही ठरवणार!

"मावशी, काढले नाहीत, वर सरकवलेत. पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या गळ्याशी बघा."

बघितलं. होते. पण न विचारता? ते शिसं माझ्या नवऱ्याचं, आर्नफिनचं आहे हो! जुन्या जाळ्यांची वजनं वितळवून त्याने माशांच्या डब्यात ओतलेलं. तो गेला तेव्हा दीर म्हणाले, "सामान विकून टाक." मी म्हटलं, विकते हं... आणि दुसऱ्या दिवशी तोच पट्टा बांधून फियोर्डाच्या खाडीत उतरले. शिकवायला कोणी नव्हतं, राग होता, तो पुरला. त्याला सदतीस वर्षं झाली.

"तुम्ही पाण्यात आडव्या होतच नाही," वीगदिस म्हणाली. "सगळं वजन कमरेला, म्हणून पाय खाली लोंबतात आणि तळाचा गाळ ढवळतात. मागच्याला स्वतःचा हात दिसत नाही."

"हात?" मागून गुनवाल बोलला. माझ्याच वयाचा, पण अक्कल वयात आलेली नाही. "सोलफ्रिड पुढे असली की आपण कोकोत पोहतो, कोकोत!"

सगळे खिदळले. मग वीगदिसने हळूच मारली पाचर: "आज आडव्या राहून दाखवा, नाहीतर शनिवारपासून बोटीत जागा नाही."

माझी स्वतःची बोट कंबरदुखीपायी मागच्या वर्षी विकावी लागली. क्लबाची बोट नाही म्हणजे समुद्र नाही. मग मी काय घरी बसून मोजे विणू?

पण मला सांगा, सदतीस वर्षं कुणाला त्या गाळाचं दुःख नव्हतं, ते आजच कसं झालं? कुठेतरी पाणी मुरत होतं! हा गुनवाल दर ख्रिसमसला माझ्या ताटात डोकावतो. "एवढाले शिंपले कुठे सापडतात गं तुला?" सापडतात! काळ्या खडकाच्या मागे, अठरा मीटरवर एक खड्डा आहे, एकेक शिंपला बशीएवढा. ती जागा माझ्याशिवाय फक्त आर्नफिनला ठाऊक, आणि तो चर्चमागे पुरलाय, तो काही बोलायचा नाही. मग दोन तुकडे कुणी सरकवले, का सरकवले? शिशाला पाय फुटतात का?

उतरले. काय करणार? आणि पाय आपोआप वर आले हो! चादर अंथरावी तशी मी पसरले, पोटाखाली पाणी, तळ हातभर खाली, कशाला धक्का नाही. मला माझाच संशय आला... ही बाई कोण? सवयीने तशीच काळ्या खडकामागे गेले, खड्ड्यावर थांबले, शिंपले डोळे मिचकावत होते, पाणी काचेसारखं... काचेसारखं? मागे वळले. तीन दिवे! आणि पहिल्या दिव्यामागे गुनवालचे डोळे, बशीएवढे!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अहो, तो गाळ माझा पडदा होता! सदतीस वर्षं मी स्वतःच्याच पायांनी दार लावून घेत होते, आणि मलाच पत्ता नव्हता! शिशाला कसले, माझ्या गुपिताला पाय फुटले.

वर आल्याबरोबर सुरू झाले. "हेच हवं होतं ना? मावशी मावशी करत लुबाडलंत!"

"अगं, वाट कुणी दाखवली?" गुनवाल भरलेली जाळीची पिशवी कुरवाळत म्हणाला. "पुढे तूच होतीस की!"

"चोर!"

"कोको!"

"गप्प बसा दोघं!" वीगदिसचा चेहरा पडला होता. "मावशी, आईशप्पथ, मला खड्ड्याचं काही माहीत नव्हतं. हवं तर बांधते शिसं परत कमरेला. ढवळा गाळ, झाका तुमची जागा. बोटीचं मी बघते, क्लबाशी मी भांडते. बांधू?"

आणि तिने हात पुढे केला. मी तोंड उघडलं "बांध!" म्हणायला... तर सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या पायांकडे. भांडणाच्या भरात मी एका पायावर उभी राहून, वाकून, पायातलं रबरी वल्हं स्वतः ओढून काढलं होतं. एरवी दोघं दंड धरतात, तिसरा ओढतो, आणि मी पलीकडच्या बेटावर ऐकू जाईल अशी कण्हते.

वीगदिसचा हात तसाच पुढे. मी दुसरं वल्हं काढलं, पुन्हा वाकून, मुद्दाम सावकाश, खात्री करून घेतली, आणि म्हणाले,

"खड्डा न्या, शिंपले न्या, पण त्या शिशाला कुणी हात लावलात तर याद राखा, सदतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझी कंबर दुखत नाहीये!"