‘थांब की गं थोडं’ हे गाणं कुणाचं

दिनांक २२ जानेवारी २०२६

नाव सौ. पौर्णिमा राजपाल ओव्हाळ, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (आरोग्य सेविका), रा. येडशी, जि. धाराशिव.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलीसह राहते. पती राजपाल हे लोहारा येथे शिक्षक असून शनिवारी घरी येतात. येडशीपासून सात किलोमीटरवरील आरोग्य उपकेंद्रात मी नऊ वर्षांपासून काम करते.

काल बुधवारी उपकेंद्रात लसीकरण होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास वस्तीवरील अकरा बायका लेकरे घेऊन आल्या होत्या. त्या वेळी तीन मोटारसायकलींवर सहा तरुण आले. त्यांनी स्पीकरवर ‘थांब की गं थोडं’ हे गाणे मोठ्याने लावले. एक जण म्हणाला, “मॅडम, खिडकीत उभ्या ऱ्हावा, रील काढायचीय.” मी त्यांना जायला सांगितले. ते गेले नाहीत. दुसऱ्याने लसीचा डबा ओट्यावर ओढून घेतला, झाकण व बर्फ बाजूला काढून टाकला आणि त्याच्यावर पाय ठेवून मोबाईल धरला. डबा उन्हात किती वेळ उघडा राहिला हे मला सांगता येणार नाही, कारण मी दारात भांडत होते. त्यातील लस वापरता आली नाही. अकराही लेकरे तशीच परत गेली. सारजाबाई नावाची म्हातारी नातवाला घेऊन तीन किलोमीटर चालत आली होती. ती मला म्हणाली, “तुमच्या गाण्यापायी आमचा खाडा झाला बाई.”

असे लोक येण्याची ही पहिली वेळ नाही. दिवाळीपासून चौदा वेळा आले. कोणी गुलाब आणतो, कोणी विचारतो, “तुम्ही सोडून का गेल्या त्येला?” एकाने बीपी तपासून घेतला आणि मग विचारले.

याचे कारण असे की, हे गाणे म्हणणारे गायक रणधीर यांनी दिवाळीत एका मुलाखतीत सांगितले की, गाण्यातील मुलगी त्यांची प्रेयसी होती, ती त्यांना सोडून गेली आणि आज येडशीकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. येडशीकडे उपकेंद्रे थोडी आहेत. लोकांना शोधायला चार दिवस लागले. तेव्हापासून माझी मुलगी शाळेच्या बसने जात नाही. पतींनी मला काही विचारलेले नाही. फक्त त्यांनी शाळेत डबा खाताना वेगळे बसायला सुरुवात केली आहे, असे त्यांच्या सहकाऱ्याने सांगितले.

माझी व रणधीर यांची ओळख एका दिवसाची आहे. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनात ते ऑर्केस्ट्रात गायला आले होते. तेथे मी हे गाणे म्हटले. त्यांनी मागितले, मी कागदावर लिहून दिले. ते गाणे त्याच वर्षी जूनमध्ये मोबाईलवर आले. तेव्हापासून ते लग्नात, रिक्षात, गणपतीत, सगळीकडे वाजते. त्यावर गीतकार म्हणून त्यांचेच नाव आहे. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

गाण्यातील बाई म्हणजे माझी आई केशरबाई. तिला शेवटची दोन वर्षे माणसे ओळखू येत नव्हती. रोज दुपारी चारला ती पिशवी भरायची आणि बार्शीला माहेरी जायचे म्हणून ठेसनाकडे निघायची. माहेरी कोणीही राहिलेले नव्हते. तिला बसवून ठेवण्यासाठी मी म्हणायचे:

“थांब की गं थोडं, गाडी जाऊ दे आजची,
वेणी घालते तुझी, मग वाट धर घरची.”

वेणी होईपर्यंत गाडी गेलेली असे. रणधीर यांनी ‘घालते’चे ‘घालतो’ केले. बाकी एक अक्षर बदललेले नाही. आईनेही ते शेजारच्यांच्या मोबाईलवर ऐकले. “चांगलं म्हणतंय पोरगं,” म्हणाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती वारली. त्यानंतर मी गाणे म्हटलेले नाही.

काल घटनेनंतर मी रणधीर यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, आईची वेणी घालतो म्हणलं तर कोण ऐकंल? लोकांला पोरगीच लागती. मी तुमचं नाव कुठं घेतलंय?”

आज साहेबांनी त्यांना ठाण्यात बोलावले. ते आल्यावर बाहेर बसलेल्या दोघांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. साहेबांनी मला विचारले की, गाणे तुमचे असल्याचा पुरावा काय. कागद त्यांच्याकडे गेला, पुरावा माझ्याकडे कसा राहील, असे मी सांगितले. नंतर मी सांगितले की, त्या दिवशी मी त्यांना दोनच कडवी दिली होती. तिसरे दिले नव्हते. साहेब म्हणाले, “म्हणा.” मी चालीवर म्हटले नाही, नुसते सांगितले:

“कोण गं तू पोरी, म्हणलीस, पाणी दिलं जवा,
पौर्णिमा म्हणलं, तर म्हणलीस, चांद दिसंल कवा?”

रणधीर यांनी मान खाली घातली. मुलाखतीतील गोष्ट खोटी असल्याचे त्यांनी साहेबांसमोर कबूल केले व तसे जाहीर सांगण्याचे मान्य केले. माझी हरकत त्या खोट्या गोष्टीला आहे व त्या सहा तरुणांवर कारवाई व्हावी अशी विनंती आहे. गाणे बंद करावे असे माझे म्हणणे नाही.

त्यानंतर मी उठत असताना रणधीर मला म्हणाले, “ताई, हे कडवं मला द्या की. लई चालंल.”

मी दिले नाही.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर लिहिला आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही/-
सौ. पौर्णिमा राजपाल ओव्हाळ