कुणाचीच बाजू न घेणारे सावंत

अगं, आमच्या समोरच्या सावंतांचा टीव्ही एवढा मोठ्याने, की युद्धाच्या बातम्या माझ्या किचनमध्ये ऐकू येतात. काल सांगायला गेले, तर म्हणाले, "या वहिनी, चहा टाकतो. बघा, भांडणारे दोघंही आपल्या देशाला फोन करतात. का? आपण कुणाची बाजू घेत नाही!"

मला कुठे राहवतंय! म्हटलं, "तुमची दोन्ही मुलं तुमच्या काशीमीऱ्याच्या गॅरेजच्या वाटणीवरून भांडली, तेव्हा तुम्हीही बाजू घेतली नव्हती. करतात का फोन?"

सावंत चहा गाळत राहिले. "नाही. दोघांनाही वाटतं, बाबा दुसऱ्याच्या बाजूने."

मग आवाजाचं मी बोललेच नाही. निघताना तेच म्हणाले, "टीव्हीचा त्रास होतो ना? रोज येऊन सांगत जा."