चांदणी चांदणी, आमच्यासाठी विनंती कर

लुमेन : ...आणि परवा प्रार्थनेत तुझ्या त्या फुल्यांपायी मानोंग तेबानचा, आपल्या तेबानदादाचा, खांदा निखळायची पाळी आली.

मेलरोज : अगं मावशी, तिया, त्या फुल्या नाहीत, हॅश आहेत. एक हॅश म्हणजे मोठा मथळा, दोन म्हणजे त्याहून लहान, तीन म्हणजे आणखी लहान.

लुमेन : माझ्या प्रार्थनेच्या वहीत चाळीस वर्षं फुली दिसली की क्रूसाची खूण करायची. तू फोनवर पाठवलेलं बघते तर ओळीआधी तीन-तीन. म्हटलं, पोरीचा बाप गेलाय, दुःखाच्या भरात जास्त मारल्या असतील. केली तीनदा. मी केली म्हणून सगळ्या घराने केली.

मेलरोज : बारा मथळे होते.

लुमेन : मग हिशोब कर. तेबानला वाटलं, रोमहून नवा हुकूम आलाय.

मेलरोज : आणि त्या चांदणीच्या खुणा कशाला वाचल्यास?

लुमेन : दिसलं ते वाचलं. ‘चांदणी चांदणी आमच्यासाठी विनंती कर चांदणी चांदणी.’

मेलरोज : लोकांनीही तसंच म्हटलं.

लुमेन : श्रद्धाळू माणसं आहेत. तुझ्यासारखी खुसपटं काढत नाहीत.

मेलरोज : अगं, चांदण्यांच्या मधलं लोकांनी म्हणायचं, बाकीचं तू. माझ्या अॅपात चांदण्या जातात आणि तेवढी अक्षरं ठळक होतात. तुझ्या फोनात ते अॅप नाही, म्हणून नुसत्या चांदण्या राहिल्या.

लुमेन : वहीत माझं निळं, लोकांचं लाल. आंधळ्यालाही कळेल.

मेलरोज : तुला कळेना म्हणूनच फोनवर उतरवलं ना?

लुमेन : ते खरं. लाल तर कधीच उडालं.

मेलरोज : आणि साधा मजकूर पन्नास वर्षांनीही उघडतो, तिया. कुठेही.

लुमेन : इथे थडगं पाच वर्षांनी उघडतात, हाडं हलवतात, दुसऱ्याला जागा देतात. तुला पन्नास वर्षांची काळजी.

मेलरोज : म्हणून तर काल ते दुसरं अॅप घेतलं. बटण दाबलं की ठळक, बटण दाबलं की लाल. सकाळपासून जेवणापर्यंत रंगवत बसले होते.

लुमेन : दिसत होतं झकास. वाढदिवसाच्या केकसारखं.

मेलरोज : तुला पाठवल्यावर सगळं काळं. ठळक गेलं, लाल गेलं.

लुमेन : कुठे थांबायचं तेच कळेना. माझं मीच म्हटलं, उत्तरही मीच दिलं. लोक बसले डास मारत. जाताना शेजारीण विचारते, लुमेन, आज एकटीच देवाशी भांडत होतीस का?

मेलरोज : थांब, आज तिसरं एक बघतेय. त्यात दोन्ही—

लुमेन : आज तुझ्या बापाच्या प्रार्थनेचा नववा, शेवटचा दिवस आहे. पाचला लोक येतील, सूप अजून चुलीवर आहे. आणि आज मी वाचणार नाही.

मेलरोज : म्हणजे?

लुमेन : अक्षर कितीही मोठं केलंस तरी मला धुकं दिसतं. हे आठ दिवस अर्धं पाठ, अर्धं अंदाजे. आज तू वाच. ते चांदण्यांवालंच घे. चांदणी आली की गप्प बसायचं आणि लोकांकडे बघायचं. सोपं आहे.

मेलरोज : ते अजून नीट झालेलं नाही. शेवटच्या प्रार्थनेत ‘तुझा सेवक’ म्हटल्यावर तू नावासाठी रेघ ओढून जागा सोडली आहेस. मी तिथे तीन रेघा घातल्या, तर अॅपला वाटतं भाग संपला. ते पानभर आडवी रेघ ओढतं. दुसरं अॅप तर ती जागाच गिळतं.

लुमेन : मग नाव लिही. रुस्तिको.

मेलरोज : पुढे कोणीही गेलं तरी त्या घरात चालावं म्हणून रिकामं ठेवलंय.

लुमेन : मोतीबिंदू मला डोळ्यांत झालाय पोरी, डोक्यात नाही. तीन अॅपं झाली तुझी. बापाचं नाव एकातही नाही.

मेलरोज : लिहिलं की ठळक करावं लागेल. मग पान उघडलं की सगळ्यांत आधी तेच दिसेल.

लुमेन : मग नको लिहूस. मीही चाळीस वर्षांत एकाचं लिहिलं नाही. तुझ्या आजोबांचं नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. ती जागा तोंडाने भरायची असते. लिहून ठेवलं तर पुढच्याने कुठे बसायचं?

(फाटक वाजतं. कुत्रं एकदाच भुंकतं.)

मेलरोज : मानोंग तेबान आले. खांद्याला पट्टी बांधलीय.

लुमेन : नाटकी मेला. बसू दे त्याला. तू तेवढी एक ओळ म्हण. फोन खाली ठेव आधी.

मेलरोज : हे प्रभू, तुझा सेवक...

लुमेन : हं.

मेलरोज : तुझा सेवक रुस्तिको, माझा... याला चिरविश्रांती दे.

लुमेन : ‘माझा’ वहीत नाही.

मेलरोज : काढू?

लुमेन : असू दे. आज म्हण.

मेलरोज : मग ती जागा रिकामीच ठेवते. तीन रेघा पुरतील?

लुमेन : थोड्या वाढव. माझं इलुमिनादा जरा लांब आहे.