तीन कुठे येतो

(घाटकोपर, १९८४. चाळीतली खोली, संध्याकाळ. दहावीतली सुगंधा आणि तिचे वडील रामचंद्र एक आलेख पसरून बसलेत.)

सुगंधा : सापडली चूक, बाबा. पेढे काढा.

रामचंद्र : आधी सांग तरी, शहाणे.

सुगंधा : तुमच्या कंपनीचा टॉवर. आत चिनी मातीच्या रिंगा खच्चून भरलेल्या, वरून पाणी, खालून गॅस. बरोबर?

रामचंद्र : हं.

सुगंधा : त्या रिंगांतून वर चढताना गॅसचा किती दाब खर्ची पडतो, ते या आलेखावरून काढलंय. गॅसचा वेग तीन. पण झेरॉक्स इतकी फिकट, की एक आणि दहा या दोनच रेघा उठल्यात. मग या ढ माणसाने फुटपट्टी लावली नि तीन टाकला कुठे, तर पाव अंतराच्याही अलीकडे.

रामचंद्र : मग कुठे येतो?

सुगंधा : जवळजवळ मध्यावर. हा लॉगचा कागद आहे ना, यावर अंतरं सारखी नसतात. तीनचा लॉग पॉइंट चार सात, टेबल उघडायलाही नको. तीन तिथे नेला की दाब दहा नाही, तिसाच्या वर जातो. एवढ्याशा टॉवरला तो झेपणार कसा? गॅसने पाणी अडवलं, ते तुंबलं आणि वरून बाहेर. टॉवर चालवणाऱ्या धाकूकाकांवर उगाच आळ, त्यांनी गॅस जास्त सोडलाच नव्हता.

रामचंद्र : हळू बोल.

सुगंधा : का? ऐकू दे ना काकांना शेजारच्या खोलीत. दोन महिने घरी बसवलंय फुकट. उद्या चौकशीत हे ठेवा, साहेबाची वाट लागेल.

रामचंद्र : साहेब तेव्हा सुट्टीवर होते.

सुगंधा : मग केलं कोणी?

रामचंद्र : जाताना म्हणाले, किती वर्षं नुसत्या रेघा मारणार ड्राफ्ट्समन म्हणून? एकदा गणित करून दाखव.

सुगंधा : तुम्ही?

रामचंद्र : आयटीआयत आम्हाला लॉग नव्हता गं.

सुगंधा : मग मला कशाला दिलात हा कागद?

रामचंद्र : वाटलं, तू म्हणशील बरोबर आहे.

सुगंधा : तसं सांगा ना उद्या. चुकलं म्हणून.

रामचंद्र : खाली सही साहेबांची आहे, सुट्टीवरून आल्यावर न तपासता केलेली. ते म्हणतात, दोघं बुडण्यापेक्षा...

सुगंधा : धाकू बुडलेला बरा.

रामचंद्र : पुढच्या वर्षी तुझं कॉलेज आहे.

सुगंधा : माझं नाव यात घेऊ नका. काकांना माहीत आहे?

रामचंद्र : त्याने साक्षीला माझंच नाव दिलंय. सगळ्यांना सांगतो, रामदा खोटं बोलायचा नाही.

धाकू : रामदा, आसस घरात? दार उघडाच आसा म्हणून इलंय. काय चाललाहा बापलेकीचा?

सुगंधा : या काका. टॉवरचं गणित आहे. बाबा सांगतील.

धाकू : टॉवरचा? काय गावला काय रे?

रामचंद्र : शाळेचं आहे तिच्या. बस. चहा टाकेल ती.