स्वयंपाकघरामागचा चर

तावीता : ताई, ही दोरी पुन्हा कोणी हलवली?

लोसा : मी. चर त्या बाजूने काढ, माडाला वळसा घालून.

(सामोआतलं एक गाव. स्वयंपाकघरामागच्या अंगणात तावीता पहार घेऊन उभा आहे. तो ऑकलंडहून सुटीवर आलाय. लोसा त्याची थोरली बहीण.)

तावीता : अगं, तिकडे सगळा काळा खडक आहे. पहार वाकेल, त्याआधी मी वाकेन. इथून सरळ गेलं की दुपारपर्यंत पाइप पुरून मोकळे.

लोसा : घाई कसली एवढी?

तावीता : उद्या रविवार. गाव कामाला हात लावू देणार नाही. परवा माझं विमान. आणि ऑकलंडात मी रोज हेच करतो गं. तिथे लोक माझं ऐकतात.

लोसा : त्यांनी तुला शेंबडा पाहिलेला नाही.

तावीता : बरं, कारण तरी सांग. सकाळी म्हणालीस, फणसाची मुळं तुटतील. फणस राहिला कुठल्या कुठे. मग म्हणालीस, डुकरांची वाट आहे. तुझ्या डुकरांना चर ओलांडता येत नाही?

लोसा : कोको गार होतोय. पिऊन घे आधी.

तावीता : पाणी साचतं ते या खोलगटात. पाइप इथून नेला नाही तर घालायचा कशाला? फोनवर तूच रडवेली झाली होतीस, पाणी हटत नाही म्हणून. बहिणीचा शब्द मोडू नये, हे मलाही शिकवलंय. पण उगाच खडक फोडायला लावू नकोस. हे चार दगड उचलतो आणि लागतो कामाला.

लोसा : त्या दगडांना हात लावू नकोस.

तावीता : का?

लोसा : खाली माझं बाळ आहे.

तावीता : काय म्हणालीस?

लोसा : तू ऑकलंडला गेलास, त्या वर्षीचं. मुलगी होती. रडलीच नाही.

तावीता : मला कोणी कळवलं नाही.

लोसा : बाबांनी सगळ्यांना गप्प बसवलं. लग्नाआधीचं मूल, आणि ते चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. घरापुढे, आपल्या माणसांच्या कबरींशेजारी, जागा दिली नाही. मग आईने आणि मी इथे पुरलं.

तावीता : आणि पाणी नेमकं इथेच साचतं.

लोसा : पाऊस लागला की मला झोप लागत नाही. वाटतं, गारठली असेल. वेडेपणा आहे, कळतं मला.

तावीता : वेडेपणा कसला त्यात? ताई, आता बाबा नाहीत. तू फक्त हो म्हण. तिला घरापुढे नेऊ, आईच्या कबरीशेजारी. पाद्रींशी मी बोलतो. गावात कोण काय म्हणतं ते मी बघतो.

लोसा : नको रे. इथे भांडी घासताना मी बोलते तिच्याशी. हलवू नकोस. कोरडी राहिली की झालं.

तावीता : मग दगडांच्या दोन्ही अंगांनी चर घेतो, चांगला खोल. मधली माती आपोआप निथळेल. खडक लागला तर लागला.

लोसा : विमान चुकेल तुझं.

तावीता : चुकू दे. ये, इथे बस. ती कुठून कुठपर्यंत आहे ते दाखव, म्हणजे मी लांबून खणतो.

लोसा : इथून... इथपर्यंत. एवढीशी तर होती.