तानूबाईच्या दाराची वाटणी

मंडळी, हिंदुराव आणि जोतिराम हे सख्खे भाऊ पुन्हा बोलायला लागले. आनंदाची गोष्ट आहे. — आता हे मी बोललोच नाही. मृदंगवाले, तुम्हीही ऐकलं नाही. भाऊ बोलत नाहीत, वाटणी चालू आहे, पंच बसलेत.

तर प्रश्न असा, की वाटणीत काय काय वाटता येतं? रान वाटता येतं. म्हैस येते — सकाळचं दूध तुझं, संध्याकाळचं माझं, शेण कुणाचंच नाही. आईसुद्धा येते. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. हसू नका, पुढच्या रांगेतल्या तिघांना मी ओळखतो.

पण ऐका. त्यांची आई तानूबाई शाळा शिकलेली नव्हती. पोरांना काही समजवायचं असलं की चुलीतली तापलेली सळई घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या दारावर चित्र डागायची. गोल डोकं, काड्यांचे हातपाय, झालं. हिंदुराव ताटावर रुसला — त्याची भाकरी उंदीर खातोय, वर ढेकर देतोय. जोतिराम खोटं बोलला — जीभ अंगणापर्यंत, तिच्यावर कोंबड्या बसल्यात. पोरं बघायची, हसायची, सुधारायची. मी इथं कीर्तनात दोन तास बोलतो. तुम्ही कितपत सुधारलात ते दिसतंच आहे.

थोरला कायम डावीकडं, धाकटा उजवीकडं. चित्रातसुद्धा एकाची बुक्की दुसऱ्याला पोचू नये.

सगळं वाटलं, दार उरलं. ते दोघांनाही पाहिजे. पंच म्हणाले, "उभं कापा." सुतार करवत घेऊन आला. भाऊ बोलत नव्हते, बोलणं सुतारामार्फत.

थोरला म्हणाला, "त्याला सांगा, मला उजवी बाजू. तिकडं लाकडाला गाठ नाही."

"त्याला सांगा, ने म्हणावं. डाव्या बाजूला पितळी कडी हाय."

तानूबाई म्हणाली, "लाकूड बघून घेताय नव्हं? घ्या."

कापलं. बघा काय झालं — थोरल्याच्या घरात नुसता धाकटा, धाकट्याच्या घरात नुसता थोरला!

वर्ष गेलं. हिंदुरावाच्या लेकीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या बापाची नजर भिंतीला लावलेल्या अर्ध्या दारावर. चित्रात एक पोरगं शेणखड्ड्यात गळ्यापर्यंत बुडालेलं, हातात लुगड्याचं टोक, आणि लुगडं दाराच्या कडेला खलास.

"हे कोण?"

"माझा धाकटा भाऊ."

"भाऊ बुडतोय. आणि तुम्ही?"

"मीच ओढून काढला की त्याला!"

"इथं तर दिसत नाही," पाहुणा म्हणाला आणि चहाची बशी खाली ठेवली. मंडळी, लग्नाच्या बैठकीत बशी खाली ठेवणं म्हणजे काय, ते लेकीच्या बापाला विचारा.

हिंदुराव उठला. अर्धं दार डोक्यावर घेतलं आणि थेट भावाच्या उंबऱ्यावर. मागं पाहुणे. तिथं भिंतीला दुसरं अर्धं. त्यात हिंदुराव दात-ओठ खाऊन नुसतं लुगडं ओढतोय, पुढं काही नाही. वर्षभर येणारे-जाणारे विचारत होते, याला वेड कधी लागलं?

"जोत्या, तुला खड्ड्यातनं काढलं कुणी रं?"

"तू, दादा. पण ढकललं कुणी, ते बी सांग की पाहुण्यांना."

"तू माझा भोवरा घेतलावतास!"

"मागून घेतलावता!"

झालं सुरू. दोघांनी भांडत-भांडतच दार जोडून बघितलं. जुळेना. करवतीनं बोटभर लुगडं खाल्लेलं. तिथंच मेथी निवडत बसलेली तानूबाई म्हणाली, "तेवढं तुम्ही धरा."

पाहुण्यानं दोन्ही अर्धी नीट बघितली. "ढकलणाराही हाच, काढणाराही हाच," तो म्हणाला. "घर खरं दिसतंय. सुपारी फोडू."

आता तुम्ही. घरी जाऊन आपलं अर्धं दार बघा. भावाचं खड्ड्यातलं तोंड तुम्हाला रोज दिसतं. ढकलणारा आपलाच हात दिसत नाही, कारण तो पलीकडच्या घरात टांगलेला आहे.

सबब, भूमी अभिलेख कार्यालयास नम्र विनंती, की यापुढे वाटणीच्या नकाशात हद्दीच्या खुणांसोबत दोन्हीकडची माणसंही काढावीत. गोल डोकं व काड्यांचे हातपाय चालतील. आणि कुणी कुणास ढकलले व कुणी कुणास काढले, हे एकाच कागदावर दाखवल्याखेरीज कोणतीही हद्द कायम करू नये.